पालकांना आत बोलावणारी शाळा

मुलगी कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या महापालिकेच्या शाळेत दुसरीला आहे. घरचे शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला, मी दिवसभर शिलाई मशीनवर. सकाळी अकराची पालकसभा म्हणजे एकाचा खाडा ठरलेला. इथं बाईंनी सभा संध्याकाळी सातला ठेवली, तेव्हा कामावरून सुटलेले बापही आले!

सभेत नुसती भाषणं नव्हती. बाईंनी पोरीची वही माझ्यापुढं ठेवली आणि ‘सूर्य’, ‘पर्वत’ असे रफाराचे शब्द आले की ती कुठं अडते, ते बोट ठेवून दाखवलं. घरी काय करू विचारलं, तर म्हणाल्या, ‘ताई, बाजाराला जाताना दुकानांच्या पाट्या वाचून घ्या.’ आता महाद्वार रोडची एक पाटी ती सोडत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं 75 टक्के पालक लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. इथं त्या खरंच बोलतात. मुलींच्या संडासाला कडी त्यांनीच बसवून घेतली. शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, त्या गावात एवढं तर हवंच.

तक्रार एकच. निरोप फक्त व्हॉट्सॲपवर, तोही ऐनवेळी. साध्या फोनवाल्या आज्यांना कोण सांगणार? फाटकाशी एक फळा लावा.

बाकी, पोरांची नावं बिनधास्त घाला.