सुरावटीचा कोड बिघडतो तेव्हा: लिलीपाँड, एबीसी की म्युझिक्सटेक?

स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरची पाश्चात्य स्वरलिपी) टाइप करून छापायचं ठरलं की लोक आधी नमुन्याची पानं बघतात. कुणाचे स्लर (स्वर जोडणाऱ्या कमानी) छान वळलेत, कुणाचं पान जुन्या छापील स्कोअरसारखं दिसतं. बघायला हरकत नाही, पण रोजच्या कामात वेळ जातो तो बिघाड शोधण्यात. पीडीएफ उघडावी तर चौथ्या ओळीनंतर सगळं कागदाबाहेर गेलेलं, आणि कोड वाचावा तर सगळं ठीक वाटतं. म्हणून निवड करताना मी एकच गोष्ट बघतो: चूक जिथे झाली आणि जिथे ती दिसली, या दोन जागांमध्ये अंतर किती?

टाइप केलेल्या कोडमधून स्वरलिपी छापणाऱ्या या तिघांची ओळख थोडक्यात. लिलीपाँड १९९६ साली हान-वेन निनहाऊस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोघा डच मंडळींनी सुरू केलं. त्याआधी ते म्युझिक्सटेकसाठी प्रीप्रोसेसर (सोप्या फाइलपासून त्याचा कोड तयार करून देणारा प्रोग्राम) लिहीत होते, त्यातूनच हे निघालं. एबीसी ही क्रिस वॉलशॉची पद्धत, मुळात लोकसंगीताच्या एकपदरी चाली उतरवून ठेवण्यासाठीची, तिचं २.१ हे मानक २०११चं. म्युझिक्सटेक म्हणजे टेक या छपाईची पानं जुळवणाऱ्या प्रोग्रामवर चढवलेला मॅक्रोंचा (रचलेल्या आज्ञांचा) डोलारा, दानिएल तोपाँ आणि सहकाऱ्यांचा. तिन्ही फुकट, तिन्हींत तुम्ही साधी टेक्स्ट फाइल लिहायची.

एकच चूक, तिन्हीकडे

चार-चारचा (चार मात्रांचा) बार घ्या: एक क्रॉचेट (एक मात्रा), दोन क्वेव्हर (अर्धी-अर्धी मात्रा), मग दोन क्रॉचेट. लिहिताना क्वेव्हरनंतरच्या स्वराला लांबीचा आकडा (लिलीपाँडमध्ये क्रॉचेटचा ४) द्यायचा राहिला.

लिलीपाँडमध्ये आकडा दिला नाही की आधीच्या स्वराची लांबी पुढे चालू राहते. म्हणजे तो स्वरच नव्हे, पुढचा आकडा येईपर्यंतचे सगळे स्वर क्वेव्हर झाले. बाररेषा कुठे पडायची ते लिलीपाँड स्वतः मोजून ठरवतं, त्यामुळे तिथून पुढची सगळी मांडणी सरकते. स्वर बाररेषेच्या पलीकडे लोंबायला लागतात, आणि अशा बाररेषेवर लिलीपाँड ओळ तोडतच नाही. एका आकड्यापायी अख्खी ओळ समासाबाहेर पळते, आणि तुम्ही बिचारे कागदाचा आकार नि समास तपासत बसता.

औषध मात्र अक्षरशः एका चिन्हाचं आहे. प्रत्येक बारच्या शेवटी | टाकायची. ही रेष काही छापत नाही, ती फक्त तपासते. वरच्या उदाहरणात लगेच इशारा येतो की बार चेक ३/४ला फसला, सोबत ओळीचा आणि स्तंभाचा क्रमांक. ३/४ याचा अर्थ बारमध्ये एक क्रॉचेट कमी भरली. यापेक्षा नेमकं निदान मागायचं तरी काय! इशारे दहा आले तरी पहिलाच दुरुस्त करायचा आणि पुन्हा चालवायचं. बाकीचे बहुतेक त्याचीच पिल्लं असतात.

एबीसीत मूळ लांबी डोक्यावर एकदाच ठरवायची आणि प्रत्येक स्वराचा आकडा त्या स्वरापुरता. शिवाय बाररेषा तुम्ही जिथे टाइप कराल तिथेच पडते. त्यामुळे चूक त्या बारमध्येच कोंडलेली राहते, पुढचा बार सरळ. छान वाटतं ना? अडचण अशी की पान दिसायला ठीकठाक येतं. एक बार थोडा आखूड, एवढंच. ब्राउझरात दाखवणारं एबीसीजेएस हे सहसा मुकाट्याने काढून मोकळं होतं, आणि चूक गवसते ती तालमीत, कुणीतरी एक मात्रा आधीच उचलल्यावर. यावर उपाय म्हणजे तीच फाइल एबीसीटूमिडीमधून (एबीसीपासून मिडी, म्हणजे वाजवून ऐकायची फाइल बनवणाऱ्या प्रोग्राममधून) काढायची. तो बारमधल्या मात्रा मोजतो आणि न जुळल्यास कितव्या बारमध्ये किती भरल्या ते सांगतो. छापायचं नसलं, ऐकायचं नसलं, तरी केवळ तपासनीस म्हणून तो चालवावा.

म्युझिक्सटेकला तर ताल म्हणजे काय हेच माहीत नाही. तुम्ही सांगाल तो स्वर सांगाल त्या जागी तो काढणार. पाच मात्रांचा बार चार-चारमध्ये टाका, हूं का चूं करणार नाही. त्यावर पीएमएक्स हा डॉन सायमन्सचा प्रीप्रोसेसर बसवला तर मात्रा मोजल्या जातात. त्याशिवाय मोठं काम अंगावर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

लिलीपाँडची ठरलेली दुखणी

रिलेटिव्ह पद्धतीत प्रत्येक स्वर आधीच्या स्वराच्या जवळच्या सप्तकात धरला जातो. एका ठिकाणी ' हे चिन्ह जास्त पडलं की तिथून शेवटपर्यंतचे स्वर एक सप्तक वर. निदान हे लपत तरी नाही, स्टाफच्या वर लेजर रेषांची (स्टाफबाहेरच्या छोट्या जादा रेषांची) शिडी दिसते. गाण्याचा प्रत्येक भाग वेगळ्या रिलेटिव्ह कंसात ठेवला तर नुकसान त्या भागापुरतंच राहतं. स्वरापुढे = लावून सप्तक तपासायचीही सोय आहे.

महिरपी कंस बंद करायचा राहिला की तक्रार येते फाइलच्या शेवटच्या ओळीवर. तिथे काहीच सापडणार नाही, वर जा. स्कोअरच्या कंसात मिडीचा ब्लॉक घातला आणि लेआउटचा (छापील पानासाठीचा) घातला नाही तर फक्त मिडी फाइल बनते, पीडीएफ निघतच नाही. नवख्याला वाटतं प्रोग्रामच बंद पडला. अचानक एक रिकामा जादा स्टाफ उगवला तर बहुधा तुम्ही एखादी ओव्हरराइड (ठरलेली मांडणी बदलणारी) आज्ञा स्टाफ तयार होण्याआधीच लिहिलेली असते.

सगळ्यात खोडी काढतात त्या ग्रेस नोट्स (मुख्य स्वराआधीचे, बारच्या मात्रांत न मोजले जाणारे चिमुकले स्वर). सोप्रानोच्या सुरुवातीला ग्रेस नोट आहे, बाकीच्यांना नाही. मग की सिग्नेचर (कोणते स्वर शार्प-फ्लॅट ते सांगणारी खूण) किंवा क्लेफ (कोणत्या रेषेवर कोणता स्वर ते ठरवणारी खूण) एका स्टाफवर एकीकडे आणि दुसऱ्यावर भलतीकडे पडतं. इशारा काही येत नाही, कारण लिलीपाँडच्या हिशेबात चूक झालेलीच नसते. बाकीच्या स्टाफमध्येही त्याच जागी तेवढ्याच लांबीचा अदृश्य ग्रेस विराम टाकला की सगळे रांगेत येतात. ही अनेक वर्षांपासूनची माहीत असलेली मर्यादा आहे, तेव्हा आपलंच काही चुकलं म्हणून रात्र घालवू नका.

नेटवरून उतरवलेली जुनी फाइल चालेना, तर पहिल्या ओळीतला आवृत्ती क्रमांक बघा. लिलीपाँडची भाषा बदलत आली आहे आणि कन्व्हर्ट-लाय नावाचं साधन जुना कोड नव्यात आणतं. आवृत्ती लिहिलेलीच नसेल तर अंदाजाने टाकून बघावी लागते. म्हणूनच स्वतःच्या फाइलमध्ये ती ओळ विसरू नये.

फ्रेस्कोबाल्डी हा एडिटर वापरत असाल तर अर्धी शोधाशोध वाचते. पीडीएफमधल्या स्वरावर क्लिक केलं की कर्सर कोडमधल्या त्याच अक्षरावर जातो. एबीसीवाल्यांना ही सोय ईझीएबीसीमध्ये मिळते.

एबीसी गप्प का बसते

एबीसीत रिकामी ओळ म्हणजे चाल संपली. वाचायला सोपं जावं म्हणून कडव्यांमध्ये एक ओळ मोकळी सोडली की खालचं सगळं गायब, आणि त्याबद्दल चकार शब्द नाही. तसंच हेडरमध्ये सूर सांगणारी के ही ओळ शेवटचीच असली पाहिजे. तिच्यानंतर हेडर संपतं. या दोन गोष्टी पक्क्या केल्या तर एकपदरी चालीत फारसं काही बिघडत नाही. चार आवाज लिहायला लागलात की मात्र आवाजांच्या मात्रा एकमेकींशी जुळवणं हातानेच करावं लागतं, आणि तिथे ही पद्धत दमते.

मराठी शब्द स्वरांखाली

चर्चच्या क्वायरसाठी मराठी गीतं किंवा शाळेतली समूहगीतं छापणाऱ्यांना हा भाग निर्णायक ठरू शकतो. देवनागरी लिलीपाँडला जमते, एबीसीजेएसला ब्राउझरमुळे आपोआप जमते. फाइल यूटीएफ-८मध्ये साठवा आणि अक्षरांऐवजी चौकोन आले तर फाँटचं नाव तपासा. म्युझिक्सटेकमध्ये यासाठी जी यातायात करावी लागते ती मी कुणालाही सुचवणार नाही.

चुका मात्र फाँटमध्ये नसतात, शब्दांच्या तुकड्यांत असतात. लिलीपाँडमध्ये अक्षरांच्या मध्ये मोकळ्या जागेसह -- द्यायचं. ‘विठ्ठल’ दोन स्वरांवर असेल तर ‘वि -- ठ्ठल’. एक -- राहिलं, दोन तुकडे चिकटले, की पुढचं प्रत्येक अक्षर एक स्वर अलीकडे सरकतं आणि कडव्याच्या शेवटी एक स्वर निःशब्द उरतो. ‘विठ् -- ठल’ असं तोडलंत तर पाय मोडलेला ठ् कागदावर तसाच दिसतो. गायकाला ते खटकतं, म्हणून मी जोडाक्षर पुढच्या स्वराला देतो.

इथे एबीसी चक्क सरस आहे. तिच्या शब्दांच्या ओळीत | टाकली की शब्द थेट पुढच्या बारवर उडी मारतात, म्हणजे एका बारमधली गफलत पुढच्या बारमध्ये जात नाही. लिलीपाँडमध्येही शब्दांत | लिहिता येते, पण ती फक्त इशारा देते, सावरून घेत नाही.

म्युझिक्सटेक कुणासाठी?

ज्यांचा शोधनिबंध आधीच लाटेकमध्ये (टेकवरच्या लिखाणाच्या पद्धतीत) आहे आणि चार-पाच बारांची उदाहरणंच हवी आहेत, त्यांच्यासाठी. एकाच फाइलवर तीन फेऱ्या असतात: टेक, मग स्वरांमधली अंतरं ठरवणारा म्युझिक्सफ्लेक्स, मग पुन्हा टेक. मधल्या फेरीतली जुनी एमएक्स२ फाइल मागे राहिली तर कोड बरोबर असूनही अंतरं वेडीवाकडी येतात. ती पुसून पुन्हा चालवा. ओळीच्या शेवटी % नसेल तर ओळ तुटल्याची मोकळी जागा स्वरांमध्ये घुसते. आणि चुकीचा संदेश आला तर तो टेकचा असतो, संगीताचा नाही: आकडा सापडला नाही, शून्य धरला, वगैरे. त्यातही लिलीपाँड-बुक हे साधन लाटेकमध्येच लिलीपाँडचे तुकडे बसवून देतं, त्यामुळे आज नव्याने शिकायला म्युझिक्सटेक निवडायचं कारण मला तरी दिसत नाही.

तेव्हा: एकपदरी चाली, भरपूर, फोनवर दाखवायच्या, तर एबीसी, सोबत एबीसीटूमिडीचा पहारा. दोनपेक्षा जास्त आवाज, पियानो, छापील प्रती, वर्षभराने पुन्हा उघडायच्या फाइली, तर लिलीपाँड. सुरुवातीचे काही दिवस ते जास्त ओरडेल, पण ओरडणारा प्रोग्राम परवडतो.

एबीसीवरून लिलीपाँडकडे जाणाऱ्यांसाठी एक राहिलं. एबीसीत डी मेजर सांगितलं की एफ आपोआप शार्प होतो. लिलीपाँडमध्ये की सिग्नेचर काहीही असो, शार्प स्वर दर वेळी शार्प म्हणूनच लिहावा लागतो; मुळातल्या डच नावांनी फिस. एबीसीटूलाय हे साधन लिलीपाँडसोबतच येतं आणि साध्या चालींना पुरतं. हाताने उतरवत असाल तर पहिली पीडीएफ आली की नॅचरलची (शार्प रद्द करणारी) चिन्हं शोधा. मूळ चालीत नसलेली नॅचरल दिसली तर तिथे सवयीने नुसता एफ लिहिलेला असतो.