सीआरजीओ पत्रा सिम्युलेशनमध्ये: दोन कर्व्ह की को-एनर्जी?

बेळगावात उद्यमबागेतली ट्रान्सफॉर्मरची कामं करणारी पोरं सारखं विचारतात, सीआरजीओ (ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचा, दाणे एकाच दिशेत असलेला सिलिकॉन स्टीलचा पत्रा) सिम्युलेशनमध्ये कसा मांडायचा, म्हणून लिहितोय. पहिली वाट सोपी, रोलिंगच्या (पत्रा लाटल्याच्या) दिशेचा एक बीएच कर्व्ह (चुंबकीय क्षेत्र एच दिलं की फ्लक्सची घनता बी किती येते तो आलेख), आडव्या दिशेचा दुसरा, दोन्ही स्वतंत्र. डेटा सहज मिळतो आणि फ्लक्स सरळ लिम्बमधून, म्हणजे गाभ्याच्या खांबातून, जात असेल तर उत्तर पण बरोबर येतं. पण कोपऱ्यात बघा की, जिथं पत्रे 45 अंशात कापून जोडलेले असतात आणि फ्लक्स वळतो, तिथं बीचे दोन्ही दिशांचे घटक आपापले 2 टेस्लापर्यंत चढू शकतात आणि एकूण 2.8 दिसतं, असला सिलिकॉन पत्रा कुठं मिळतो सांगा! शिवाय ह्या पत्र्याची चुंबकित व्हायला सगळ्यात अवघड दिशा रोलिंगपासून 90 ला नाही, साधारण 55 अंशाला असते, ते दोन कर्व्हना कळतच नाही.

दुसरी वाट को-एनर्जीची (बीएच कर्व्हखालचं क्षेत्रफळ), वेगवेगळ्या कोनांत कापलेल्या पट्ट्या मोजायच्या, त्यावरून को-एनर्जीचं एकच फंक्शन बांधायचं आणि त्याच्या डेरिव्हेटिव्हमधून बी काढायचा, मग बी आणि एचमधला कोन आपोआप येतो, जेकोबियन (डेरिव्हेटिव्हचं मॅट्रिक्स) सिमेट्रिक राहतो, न्यूटन-रॅफसन (टप्प्याटप्प्यानं उत्तर गाठायची पद्धत) सहसा अडकत नाही. मोजमापाचा खर्च जास्त, खरंय. मी नुसत्या लिम्बसाठी पहिली वापरतो, कोपरे आणि टी-जॉइंट (मधला लिम्ब आडव्या पट्टीला मिळतो ती जागा) आले की दुसरीच.