लास वेगासची फुकट तिकिटं आम्हाला कशी महागात पडली

१९९७ साली मी नऊ वर्षांचा होतो. बाबांची नोकरी तेव्हा लॉस एंजेलिसला होती. एका शनिवारी वाळवंट ओलांडून आम्ही लास वेगासला गेलो. ट्रेझर आयलंड या कॅसिनो-हॉटेलसमोर खेळातली चाच्यांची जहाजं एकमेकांवर तोफा डागत होती, शेजारी मिराज हॉटेलचा कृत्रिम ज्वालामुखी पेटत होता. आई प्लास्टिकचा पेला भरून पंचवीस सेंटची नाणी घेऊन स्लॉट मशीनसमोर बसली होती आणि नाणी हाताळून तिची बोटं काळी झाली होती. आम्ही हरलो ते तेवढंच, पेलाभर.

२०२५ च्या मार्चमध्ये आई आणि बायकोला घेऊन पुन्हा गेलो. जहाजांची लढाई कधीच बंद झालेली. मिराज २०२४ च्या जुलैत बंद झालं, ज्वालामुखीही गेला. मशीनमधून नाणी खळखळत नाहीत, कागदाची चिठ्ठी येते. आई म्हणाली, "अरे, इथेच होतं ना ते?" मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात रस्त्यावरच्या एका काउंटरवरून माणसानं हाक मारली. काउंटर पर्यटन माहिती केंद्रासारखा दिसत होता. "पहिल्यांदाच आलात?" मी जहाजांची आठवण सांगितली. तो म्हणाला, लहानपणी मीही रोज बघायचो. खरं-खोटं देव जाणे, पण मी तिथेच विरघळलो. तिघांना शोची तिकिटं फुकट, फक्त नव्वद मिनिटं एक माहिती ऐकायची. चाळीस डॉलर अनामत, नंतर परत. नवरा-बायको दोघांनी यायचंच ही अट होती, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

त्यांच्या बसनं नेलं, म्हणजे परतायचं तेही त्यांच्याच मर्जीनं. नव्वद मिनिटांचे साडेचार तास झाले. विकायचं होतं टाइमशेअर, म्हणजे दरवर्षी एक आठवडा सुट्टीच्या घरात राहायचा हक्क. आधी बत्तीस हजार डॉलर, नाही म्हटलं की साहेब येणार, भाव खाली, पुन्हा नाही म्हटलं की त्याच्यावरचा साहेब. शेवटी चौदा हजार, "फक्त आज". आई बाहेर उपाशी बसलेली. आणि काउंटरवर सांगितलेली माझी जहाजांची आठवण आतपर्यंत पोचलेली होती, कारण शेवटचा साहेब मला म्हणाला, "तुमच्या मुलांनाही अशी आठवण मिळू दे." मी सही केली. क्रेडिट कार्डावरून सुरुवातीचे चौदाशे डॉलर गेले. दरवर्षीचा देखभाल खर्च वेगळा आणि तो वाढत जातो, हे कुणी तोंडानं सांगितलंच नाही.

रात्री दोनला कराराची फाइल चाळताना मागच्या खिशात, रंगीत माहितीपत्रकांच्या खाली, एक साधा कागद सापडला. लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाच्या कायद्यानुसार टाइमशेअरचा करार सहीच्या दिवसानंतरच्या पाचव्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येतो. लेखी कळवावं लागतं, आणि हा हक्क सोडतो असं कुणी लिहून घेतलं तरी तो जात नाही. दिवस मोजताना शनिवार-रविवारही धरायचे.

सही गुरुवारची, म्हणजे मुदत मंगळवारी रात्री संपणार. शुक्रवारी कंपनीला फोन केला. "काळजी करू नका, साहेब बुधवारी तुम्हाला बोलावतील." आवाज इतका गोड की मी क्षणभर हो म्हणणार होतो. बायकोनं कॅलेंडर समोर धरलं. बुधवार म्हणजे मुदत संपल्यावरचा दिवस! शुक्रवारीच दुपारी पोस्टात जाऊन मी करार क्रमांक, तारीख, दोघांच्या सह्या आणि "हा करार रद्द करत आहोत" एवढंच लिहिलेलं पत्र सर्टिफाइड मेलनं, म्हणजे नोंदणी करून, पोचपावती मागून पाठवलं. कारण लिहिलं नाही, कारण दिलं की त्यावर वाद घालायला त्यांना जागा मिळते. पत्राची झेरॉक्स आणि पावती ठेवली.

चौदाशे डॉलर काही आठवड्यांनी कार्डावर परत आले. अनामत आलीच नाही, आणि तिकिटं निघाली दुपारच्या एका वेगळ्याच कार्यक्रमाची. कुणी आत्ता अशी सही करून बसला असेल तर त्यानं आजच फाइलचा मागचा खिसा उघडावा, फोनवर एक शब्दही न बोलता पत्र टाकावं.

पत्र पोचल्याचं हिरवं कार्ड घरी आलं त्या दिवशी आईनं ते हातात घेऊन दोनदा वाचलं, मग देवाच्या कपाटात ठेवून दिलं.