हिऱ्याची धार लावायची पाटी: दगड सोडून काही महिने झाल्यावर

पाटी 8 बाय 3 इंची, पोलादी. एका बाजूला 400 ग्रिटचा कृत्रिम हिऱ्याचा चुरा, दुसऱ्या बाजूला 1000 (ग्रिटचा आकडा मोठा तितके कण बारीक). काम पटाश्या, रंध्याची पाती आणि घरातल्या सुऱ्यांचं. अख्खा पावसाळा आणि त्यापुढचा हिवाळा जवळजवळ रोज वापरल्यावरचं मत असं: हिऱ्याची काळजी करू नका, पाटीचं आयुष्य त्याला धरून ठेवणाऱ्या निकेलवर ठरतं.

हिऱ्यात प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांशी सहसंयुज बंधाने जोडलेला असतो; बंधाची लांबी 0.154 नॅनोमीटर, कोन 109.5 अंश, आणि ही जाळी तिन्ही दिशांना सलग. ग्रॅफाइटमध्ये अणू तिघांशीच बांधलेला असतो आणि थर एकमेकांपासून 0.335 नॅनोमीटरवर नुसते टेकलेले, म्हणून पेन्सिल कागदावर उमटते. हिऱ्यात निसटायला असा सैल थरच नाही. निकेलशी मात्र त्याचा बंध वगैरे काही जुळत नाही. मुलामा देताना निकेल कणाच्या अर्ध्याहून थोडं वर चढतं आणि त्याला कवटाळून बसतं, एवढंच.

त्यामुळे दगडावर दाबून घासायची सवय इथे महागात पडते. हाताचं वजन पुरे. दाबलं की कण मुळासकट उपटतो. 10 पटीच्या भिंगातून पाहिलं तर अरुंद पटाशी सतत जिथे घासली जाते तिथे बोडके ठिपके दिसतात. 6 मिलिमीटरची पटाशी एका पट्ट्यात न घासता पाटीभर फिरवावी.

नवी पाटी सुरुवातीला ओरबाडते. हिरा कठीण असला तरी ठिसूळ आहे. वर आलेले कण मोडले की पृष्ठभाग बसतो. तोवर 1000च्या बारीक रेघांत मध्येच एखादा खोल चरा उमटतो. एखाद्या जुन्या कडक पात्याची पाठ पाणी टाकून हलक्या हाताने दहाएक मिनिटं घासली की हा त्रास बराच कमी होतो.

पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकावा, तेलाची गरज नाही. पटाशी 30 अंशांवर धरून 400वर घासायची ती मागच्या बाजूला पूर्ण रुंदीभर बोटाला खरखर लागेपर्यंत. बहुतेक जण इथेच घाई करतात आणि मग 1000वर कितीही घासलं तरी टोकाला धार येत नाही. शेवटी चामड्यावर हिरवं पॉलिश.

मऊ लोखंडाच्या विळीला ही पाटी नको. चिवट चुरा कणांमध्ये भरतो आणि पातं नुसतं घसरतं. (भरलेली पाटी ओल्या खोडरबराने साफ होते.) शिवाय वाकलेल्या पात्यावर सपाट पाटी बसतही नाही. विळीला साधी कानसच बरी.

हाताने घासताना पोलाद बिनदिक्कत चालतं, पण ग्राइंडरवरच्या हिऱ्याच्या चाकाला ते लावू नये. तापलेलं लोखंड कार्बन विरघळवून घेतं आणि चाक भराभर झिजतं. गंमत म्हणजे याच गुणातून पाटीवरचा हिऱ्याचा चुरा जन्माला येतो. वितळलेल्या लोखंड-निकेल-कोबाल्टमध्ये ग्रॅफाइट विरघळतो आणि 50 हजार वातावरणांहून जास्त दाब, 1400 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असलं की हिरा होऊन बाहेर पडतो. जनरल इलेक्ट्रिकने 1954 साली हे करून दाखवलं. तेवढा दाब नसेल तर गाडी उलटी, ग्रॅफाइटकडे.

तक्रारी दोन. पावसाळ्यात कडांना गंज धरला. वापरून झाल्यावर पुसून उभी ठेवावी लागते. आणि 1000ची बाजू मधे किंचित खोल निघाली. दगड घासून सपाट करता येतो, पाटी नाही. म्हणून घरी आल्या आल्या स्टीलची पट्टी कडेवर उभी धरून मागून उजेड पाहावा, परतीची मुदत संपायच्या आत.

पैसे वसूल होतात ते टंगस्टन कार्बाइडच्या राउटर बिटवर, म्हणजे लाकडात खाचा पाडणाऱ्या यंत्राच्या दोन पात्यांच्या फिरत्या हत्यारावर. साध्या दगडाला ते दाद देत नाही. पात्याची सपाट बाजू 1000वर आठ-दहा वेळा घासा, दोन्ही पात्यांना सारखीच. बाहेरच्या गोलाईला लागू देऊ नका, नाहीतर व्यास कमी होऊन बिटला वाट दाखवणाऱ्या बेअरिंगशी जुळत नाही.