आठ महिने, अकरा कादंबऱ्या आणि गहाळ झालेली सोळा पानं

पान ३२० संपलं आणि पुढे थेट पान ३३७. मधला अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र दुमडून बांधलेला सोळा पानांचा गठ्ठा, बांधणीत आलेलाच नाही. हे कळलं ते पणजीहून फोंड्याला परतताना, खुणेसाठी बसचं तिकीट पानात घालायला गेले तेव्हा. तोवर मी वीस-बावीस पानं पुढे गेले होते आणि गोष्टीतलं काही निसटलंय असं एकदाही जाणवलं नव्हतं. त्या ऐतिहासिक कादंबरीचं नाव इथे घेत नाही. पुस्तक सातशे पानांचं, छापील किंमत ६५०, सूट जाऊन ५२० रुपये मोजलेले.

जाड पुस्तकच घ्यायचं हा माझा नियम होता. जूनपासून जाता-येता बसमध्ये मोबाईलऐवजी कादंबरी वाचायची असं ठरवलं तेव्हा हिशेब साधा होता: सातशे पानांना ५२० म्हणजे पानामागे पाऊण रुपया. सव्वाशे पानांच्या पुस्तकाला दीड-दोनशे मोजणं जिवावर यायचं.

'मृत्युंजय'नं तो हिशेब आधी खरा ठरवला. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण असे सहा जण आपापल्या तोंडून सांगतात, त्यामुळे बाणस्तारीच्या पुलावर गाडी अडकली तरी कुणी ना कुणी सोबतीला असतं. भाषा उपमांनी जड आहे, सलग वाचताना दमायला होतं. पण शोण भावाबद्दल बोलतो तेव्हा ती जडता विसरायला होते. 'ययाति' त्यामानानं मनात उतरली नाही. ज्ञानपीठाचा मान ठेवूनही सांगते, तिच्यात विचार आधी येतो आणि माणूस मागून. शर्मिष्ठा बोलते तेवढी पानं मात्र जिवंत आहेत. अर्नाळकरांचा झुंजार एका फेरीत संपतो. वाचताना मजा येते, पुन्हा हातात घ्यावासा वाटला नाही. धारपांची भयकथा पावसात वीज गेलेली असताना वाचावी, दुपारी नाही.

तर तो फर्मा. दुकानात गेले. "ताई, आम्ही फक्त विकतो, प्रकाशकाला कळवतो," असं उत्तर मिळालं. पुढचे दोन महिने दर आठवड्याला "फाल्यां पळोवया", म्हणजे उद्या बघू. पावती दाखवली, पानांचे फोटो पाठवले. एकदा तर मला विचारलं, "एवढ्या मोठ्या पुस्तकात सोळा पानांनी काय फरक पडतो?" हे पुस्तकं विकणाऱ्या माणसानं विचारावं याचा मला फार संताप आला. सोळा पानं म्हणजे कुणीतरी बसून लिहिलेली सोळा पानं आहेत, आणि मी त्यांचे पैसे दिले आहेत.

पण तोच प्रश्न घरी आल्यावर मलाही सोडेना. फरक मलाच कुठे जाणवला होता? तेव्हापासून प्रत्येक कादंबरीला मी हीच कसोटी लावते: यातला एक फर्मा गळाला तर मला कळेल का? 'बनगरवाडी' पुन्हा घेतली. पहिल्या पानावर मास्तर एकटा वाट तुडवत निघालाय, शेवटी दुष्काळानं वाडी ओस पडते. मधलं एक पान जरी काढलं तरी कारभाऱ्याचं जाणं इतकं लागणार नाही. १९३९ सालचं 'रणांगण' तसंच. युरोपातून मुंबईला निघालेली बोट, चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हेर्टा. दोन दिवसांत संपली. हेर्टाचा शेवट वाचला त्या दुपारी डबा उघडावासा वाटला नाही. पानामागचा रुपया मोजणं मी तिथे सोडलं आणि जाड कादंबऱ्या म्हणजे नुसती भरताड, असं मनाशी पक्कं केलं.

हे मत नोव्हेंबरपर्यंत टिकलं. दुकानदाराची वाट बघून कंटाळले आणि पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेले. बस स्टँडपासून चालत जाण्याइतकं जवळ, आणि मी इतके महिने तिथे फिरकले नव्हते. तिथल्या प्रतीत ३२१ ते ३३६ वाचली. लढाईच्या आदल्या रात्री एक म्हातारा मोतद्दार घोड्याला खरारा करतोय, घोड्याच्या कानात पोराचं नाव घेतोय. बाकी काही घडत नाही. पण सातशे पानांत याहून चांगलं काही नाही. कथानक पुढे जात नव्हतं म्हणून मला उणीव भासली नव्हती एवढंच. कसोटी माझी अपुरी होती.

त्याच खेपेला 'झाडाझडती' आणली. १९९१ ची, धरणग्रस्तांवरची, चांगली जाड. सासूबाई मूळच्या कुर्डीच्या. साळावली धरणात गाव गेलं तेव्हा त्या तिथेच होत्या. मी दोन दिवस पुस्तक वाचलं, तिसऱ्या दिवशी ते त्यांच्या हातात. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यामुळे बारीक टाइप दिसत नाही, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर मी मोठ्यानं वाचते. नुकसानभरपाईच्या एका पानावर त्यांनी मला थांबवलं. "आमचें घर अशेंच मेजिल्लें गो," आमचं घरही असंच मोजलं होतं, म्हणाल्या, आणि बोटांवर माड मोजायला लागल्या. न्हाणीकडचे चार, विहिरीकडचे दोन. सहावा मोजणीत धरलाच नव्हता, त्याचे पैसे आले नाहीत. चाळीस वर्षांत हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

बदली प्रत जानेवारीत मिळाली. दुकानातच उभं राहून प्रत्येक फर्मा तपासला, मग पिशवीत घातली. ती अजून कपाटात तशीच आहे. 'झाडाझडती'ची आम्ही रोज आठ-दहा पानंच वाचतो, कारण मध्ये सासूबाईंना सांगायचं असतं.