आमवात आणि नोकरी: तोंडी सवलत की दिव्यांग प्रमाणपत्र?

माझ्या मावसबहिणीला आमवात, म्हणजे सांधे सुजून आखडणारा आजार (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस), आहे. सकाळी तिची बोटे इतकी आखडलेली असतात की ठाण्याहून ऐरोलीला जाताना लोकलमधला दांडा धरवत नाही. अकरानंतर तेच हात कीबोर्डवर नीट चालतात. साहेबांशी बोलून कामाची वेळ बदलून घ्यावी, की दिव्यांग प्रमाणपत्र काढून लेखी अर्ज करावा, हा तिचा प्रश्न होता.

श्रमाच्या दृष्टीने तोंडी सवलत सोपी आहे. प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज आणि सरकारी रुग्णालयातील तपासणी, तीही दुखऱ्या गुडघ्यांनी, करावी लागते. शिवाय दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत आमवाताचे स्वतंत्र नाव नसल्याने सांध्यांची हालचाल किती घटली यावर दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरते. औषधांनी आजार आटोक्यात असेल, तर बहुतेक लाभांसाठी लागणारे ४० टक्के भरतीलच असे नाही.

टिकाऊपणात मात्र तोंडी शब्द कच्चा. तिच्या आधीच्या नोकरीत साहेब बदलले आणि सवलतही गेली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० नोकरीदरम्यान दिव्यांगत्व आल्यास कामावरून काढण्यास मनाई करते, पण ते सरकारी आस्थापनांपुरते; खासगी कंपनीकडे कंपनीचे समान संधी धोरण, म्हणजे दिव्यांग कर्मचाऱ्यांना काय सोयी देणार याचे लेखी धोरण, मागावे. ४० टक्के भरल्यास जुन्या करप्रणालीत करपात्र उत्पन्नातून ७५,००० रुपयांची वजावटही मिळते.

आजार नवा आणि साहेब समजूतदार असतील, तर तोंडी बोलणे पुरे, फक्त ठरलेले ई-मेलवर घ्यावे. सांधे कायमचे वाकले असतील किंवा नोकरी सरकारी असेल, तर प्रमाणपत्राची खटपट करावीच.