स्प्रिंग की पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी)? १० मीटर नेमबाजीसाठी कमी पैशात कोणती एअर रायफल
भाऊ, जळगाव-धुळ्याकडे क्लबच्या मॅचपुरतं खेळायचं असेल तर स्प्रिंगवाली स्वस्त पडते, नळी वाकवली, छर्रा टाकला, झालं, पण ट्रिगर दाबला की आतला पिस्टन धावतो अन् छर्रा बाहेर पडायच्या आतच रायफल हलते, आणि लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा, म्हणजे पकड दरवेळी तीच लागते. पीसीपीला हा झटका जवळपास नाहीच. फक्त तिचा हवेचा सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरायला पंप किंवा टाकी लागते, तो खर्च वेगळा धरा, आणि मे महिन्यात उन्हातल्या गाडीत भरलेली पीसीपी अजिबात ठेवू नका. माझं मत, सील चांगले असलेली जुनी पीसीपी मिळाली तर तीच घ्या. स्प्रिंगच घेतली तर उरलेले पैसे डायऑप्टर साइटवर (बारीक भोकातून नेम धरायची साइट) घाला, मॅचला दुर्बिणीची साइट चालत नाही.